रंग न धरणारा धातू

चार-सहा पावसाळे पाहिलेली एखादी मोटारसायकल डोळ्यांसमोर आणावी. तिची पेट्रोलची टाकी पोलादी पत्र्याची असते. तिच्यावरचा काळा किंवा तांबडा रंग ओरखड्यांच्या जागा सोडल्या तर अजून घट्ट बसलेला दिसतो. त्याच गाडीच्या एंजिनाचे कवच, चाकाचा तुंबा आणि ब्रेकचे झाकण हे भाग मात्र अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. त्यांवर कोणी हौसेने रंग दिला असेल, तर त्याचे पापुद्रे सुटलेले आढळतात. पापुद्रा नखाने उचलला की खाली पांढरी भुकटी दिसते. एकच गाडी, एकच ऊन, एकच पाऊस. आणि एका धातूने रंग धरला, दुसऱ्याने टाकला. आपण सहज म्हणतो, रंगाऱ्याने हलका माल वापरला. परंतु तोच डबा आणि तोच कुंचला टाकीवर यशस्वी झालेला असतो. तेव्हा या अपयशाचे कारण रंगाच्या डब्याबाहेर, त्या धातूच्या स्वभावात शोधले पाहिजे.

हा शोध सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाला आणि आजही पुरता संपलेला नाही. त्याची हकिकत सांगण्यासाठी मी जबलपूर हे गाव निवडले आहे, आणि त्याला कारण आहे. लाकूड, लोखंड आणि अॅल्युमिनियम या तिन्ही पदार्थांची युगे या एका गावाच्या परिसरात एकामागून एक येऊन गेली. अॅल्युमिनियमची खनिज मातीही याच मुलुखात सापडली.

जबलपूर मराठी माणसाला परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर तो इंग्रजांकडे गेला. पुढे मध्य प्रांतात आणि १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात जबलपूर व नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती. त्यामुळे नोकरीपेशाने तिकडे गेलेली मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली.

या शहराचे औद्योगिक आयुष्य सुरू झाले ते तोफांच्या गाड्यांपासून. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा सरकारी कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, उभा राहिला. त्या काळी तोफगाड्यांच्या कामात लाकडाचा वाटा मोठा होता. वाळवून मुरवलेले लाकूड, त्यावर लोखंडी पट्ट्या आणि लोखंडी धाव. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, जवळच खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना आला. त्याच वर्षी कटनी येथे लोहेतर धातूंच्या कामासाठी एक कारखाना निघाला. १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना, म्हणजे व्हेइकल फॅक्टरी, जबलपुरातच स्थापन झाला. याखेरीज लष्कराच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात धावत्या मोटारसायकलींवर मनोरे रचणारे ‘डेअर डेव्हिल्स’ पथक याच दलाचे. त्याची परंपरा १९३५ पासून सांगितली जाते. लाकडी गाड्यापासून अॅल्युमिनियमच्या एंजिनापर्यंतचा हा प्रवास जेमतेम दोन पिढ्यांत घडला. यंत्रे बदलली त्या वेगाने रंग देण्याच्या सवयी बदलल्या नाहीत, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

लाकूड आणि लोखंड यांना रंग देण्याची विद्या फार जुनी आहे. तिचा आधार दोन वस्तूंवर होता. एक जवसाचे तेल, आणि दुसरी शिशाची भस्मे. जवस हे मध्य प्रांताचे आणि विदर्भाचे नेहमीचे पीक. त्याचे तेल उकळून लाकडावर चोपडले की ते तंतूंत मुरते आणि हवेत वाळून चिवट होते. शिशाच्या भस्मांपैकी एक आपल्या फार ओळखीचे आहे: मारुतीच्या अंगावरचा शेंदूर. पूल, रेल्वेचे डबे, पाण्याच्या टाक्या आणि तोफांचे लोखंडी भाग यांवर जो तांबडा पहिला हात देत असत, तो जवसाच्या तेलात खललेला शेंदूरच होय. तेल आणि शिसे यांच्या संयोगाने एक प्रकारचा धातुसाबण तयार होतो आणि तो लोखंडाचे गंजणे रोखून धरतो. शास्त्राने हे कारण पुढे सांगितले. कारागीर त्यापूर्वीच अनुभवाने शेंदूर वापरत होते. लोखंडाचा पृष्ठभाग थोडा खरबरीत असतो, त्यात तेल अडकून बसते. अशा रीतीने कारखान्यांतील रंगाऱ्यांच्या पिढ्या एक साधा नियम शिकल्या: घासा, शेंदूर द्या, वर रंगाचे दोन हात द्या.

हाच नियम अॅल्युमिनियमवर चालवला तेव्हा तो सपशेल फसला. एक तर घोटलेल्या अॅल्युमिनियमच्या अंगात तेल मुरत नाही. शिवाय शिशाची संयुगे या धातूला घातक ठरतात. ओलावा मिळताच शिसे व अॅल्युमिनियम यांच्यामध्ये विजेच्या घटातल्यासारखी क्रिया सुरू होते आणि तीत अॅल्युमिनियमचा बळी जातो. लोखंडाचे संरक्षण करणारा शेंदूर येथे धातूला खड्डे पाडू लागतो.

आपल्याकडे असाच पाठ शिकवणारा दुसरा एक कारागीर होता: कल्हईवाला. तांब्यापितळेच्या भांड्याला कथिलाचा मुलामा देण्यापूर्वी तो भांडे वाळूने घासून घेई. मग ते भट्टीवर तापवून त्यात नवसागर टाकी. पांढरा धूर निघे, तांब्यावरची काळी पुटे विरून जात, आणि त्या क्षणी कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील आरशासारखे पसरे. नवसागर टाकला नाही तर कथिलाच्या गोळ्या होऊन त्या भांड्यात घरंगळत. कथील तेच, भट्टी तीच; फरक पडे तो पृष्ठभागाच्या तयारीने. अॅल्युमिनियमच्या भांड्याला मात्र कल्हईवाला हात लावीत नसे, कारण नवसागराने त्याचे पुट जात नाही. या धातूच्या अंगावर एक वेगळ्याच जातीचे आवरण असते. ते समजून घेण्यापूर्वी हा धातू आपल्याकडे आला कसा, हे थोडक्यात पाहू.

सोने, तांबे व लोखंड यांच्या मानाने अॅल्युमिनियम अगदी कालचे पोर आहे. डेन्मार्कमध्ये ओर्स्टेड यांनी १८२५ साली, आणि जर्मनीत व्होलर यांनी १८२७ साली तो प्रथम वेगळा केला. १८५४ साली फ्रान्समधील द्विल यांनी त्याचे उत्पादन काही प्रमाणात शक्य केले, तरी तो रत्नांच्या शेजारी मांडण्याइतका महाग होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोन तरुणांनी, परस्परांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने तो मिळवण्याची तीच रीत शोधली. दोन वर्षांनी बायर यांनी खनिजातून शुद्ध अॅल्युमिना काढण्याची कृती दिली. त्यानंतर राजेरजवाड्यांचा धातू स्वयंपाकघरात यावयास वेळ लागला नाही. भारतात १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अॅल्युमिनियमची भांडी करण्याचा विभाग सुरू केला. धातू परदेशाहून येई, भांडी येथे घडत. महाराष्ट्रात या भांड्यांना पुष्कळ ठिकाणी ‘जर्मनची भांडी’ म्हणत. हे नावच त्या धातूचे परकेपण सांगते.

त्याची खनिज माती मात्र परकी नव्हती. कोकणातील जांभा दगड सर्वांच्या परिचयाचा आहे. उष्ण आणि पावसाळी हवेत खडक लाखो वर्षे झिजतो, त्यातील विरघळणारे अंश वाहून जातात, आणि लोह व अॅल्युमिनियम यांची भस्मे मागे उरतात. लोह अधिक असेल तर जांभा होतो. अॅल्युमिनियम अधिक असेल तर त्याला बॉक्साइट म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी भूगर्भ सर्वेक्षण खात्याने कटनीच्या आसपासचे बॉक्साइट अभ्यासले. १९२३ साली फॉक्स यांनी भारतातील बॉक्साइटवर जो विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात या भागाला स्थान होते. कटनी हे त्या काळी जबलपूर जिल्ह्यातच होते. १९९८ साली त्याचा वेगळा जिल्हा झाला. भारताच्या भूमीवर अॅल्युमिनियम धातू प्रत्यक्ष तयार होऊ लागला तो १९४३ साली, केरळातील आलुवाजवळ. पुढे नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकच्या पठारावर, बॉक्साइटच्या खाणी निघाल्या आणि तेथील माती रेणुकूट व कोरबा येथील कारखान्यांना गेली. जबलपूरच्या कुशीतून वाहणारी नर्मदा ज्या पठारावर जन्म घेते, त्याच पठाराची माती एंजिनांच्या धातूत उतरली.

आता त्या आवरणाकडे वळू. लोखंड गंजते तेव्हा गंज फुगतो, सुटतो आणि पुढच्या गंजाला वाट करून देतो. अॅल्युमिनियमचे वर्तन नेमके उलटे आहे. त्याचा ताजा पृष्ठभाग हवेला लागताच क्षणार्धात त्यावर प्राणवायूशी संयोग होऊन एक पारदर्शक कातडी तयार होते. ही कातडी मिलिमीटरच्या लक्षांश भागापेक्षाही पातळ असते, पण ती धातूला इतकी घट्ट बिलगते की खालचा धातू पुढे जळत नाही. अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतो. त्याची कातडी दोन हजार अंशांनंतरही वितळत नाही. ही कातडी ज्या द्रव्याची असते तेच द्रव्य निसर्गात कुरुंद दगड म्हणून आढळते, आणि त्याचेच शुद्ध रंगीत खडे म्हणजे माणिक आणि नीलम. धार लावण्याच्या कुरुंदाने एरवी आपण दुसऱ्या धातूंना घासतो. हा धातू स्वतःच्या अंगावर कुरुंदाचे चिलखत घालून येतो.

असे चिलखत अंगभूत असेल तर रंगाची गरजच काय, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर असे, की हे चिलखत आम्ल आणि अल्क दोन्हींपुढे हार मानते, आणि खारट ओलाव्यात त्याला बारीक भोके पडतात. सोड्याच्या पाण्याने जर्मनचे पातेले काळे पडते, हे घरोघरच्या स्त्रियांना ठाऊक असते. कटनीची भूमी तर चुन्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि ओला चुना हा अॅल्युमिनियमचा उघड वैरी. एकाच भूमीने धातू दिला आणि त्याचा शत्रूही दिला.

मोटारसायकलीत हा धातू आला तो हलकेपणासाठी. त्याचे वजन लोखंडाच्या सुमारे तिसरा हिस्सा असते, तो उष्णता चटकन बाहेर टाकतो आणि साच्यात ओतण्यास सोपा असतो. शुद्ध अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे त्यात इतर द्रव्ये मिसळावी लागतात. जर्मनीत विल्म यांनी १९०६ साली शोधलेला तांबेमिश्रित ड्युरॅल्युमिन विमानांना उपयोगी पडला. पुढे १९२० च्या सुमारास पाझ यांनी सिलिकॉनमिश्रित अॅल्युमिनियमचे ओतकाम सुधारले आणि एंजिनांची कवचे व तुंबे ओतणे सुकर झाले. भारतात १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड कंपनीची उभारणी झाली आणि ‘बुलेट’ गाडी येथे जुळू लागली. लष्कराने व पोलिसांनी ती पत्करली. त्या गाडीचे सिलिंडर ओतीव लोखंडाचे, तर त्याचे डोके आणि एंजिनाचे कवच हलक्या मिश्रधातूचे असे. जुन्या कारखानदारांनी या भागांवर रंगाचा प्रश्न मोठ्या युक्तीने टाळला होता. ते त्यांना रंगच देत नसत. घासून, घोटून चकाकी आणीत आणि ती चकाकी हेच त्यांचे सौंदर्य मानीत.

लष्कराला ही पळवाट चालत नाही. युद्धभूमीवर चकाकणारी वस्तू शत्रूला आपला ठावठिकाणा सांगते. म्हणून लष्करी वाहन आपादमस्तक मंद, मातकट रंगाने झाकावे लागते, आणि त्यात अॅल्युमिनियमचे भागही आले. अशा प्रकारे लष्करी कारखान्यांना आणि दुरुस्तीच्या शाळांना या हट्टी धातूशी सामना करणे भाग पडले. पुढे हौशी लोकांनाही काळी एंजिने व रंगीत चाके आवडू लागली, आणि हा प्रश्न गल्लीबोळांतील रंगशाळांपर्यंत पोहोचला.

तेथे कोणत्या अडचणी येतात, त्या क्रमाने पाहू. पहिली अडचण त्या कातडीचीच. ती गुळगुळीत आहे आणि तिच्यावर हवेतील ओलावा व तेलाचा अंश सदैव बसलेला असतो. रंग चिकटतो तो या मळाला. मळ सुटला की रंग सुटतो. दुसरी अडचण ओतकामाची. वितळलेला अॅल्युमिनियम हायड्रोजन वायू शोषून घेतो आणि थिजताना तो बाहेर टाकतो. त्यामुळे ओतीव भागात सूक्ष्म पोकळ्या राहतात. जुन्या एंजिनाच्या कवचात या पोकळ्यांतून तेल झिरपून बसलेले असते. भाग वरून कितीही पुसला तरी भट्टीत रंग भाजताना ते तेल आणि कोंडलेली हवा बाहेर पडते आणि रंगाला फोड येतात. तिसरी अडचण उष्णतेची. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. एंजिन रोज तापते आणि रोज निवते. रंगाला तितके ताणता आले नाही तर त्याला तडे जातात. जबलपुरात मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळ्याने पाडलेल्या तड्यांतून पाणी शिरते.

चौथी अडचण लोखंडी खिळ्या-स्क्रूंची. अॅल्युमिनियमच्या झाकणात पोलादी स्क्रू असतो. त्या सांध्यात पाणी साचले की पुन्हा तोच विजेचा घट तयार होतो आणि स्क्रूच्या भोवतीचा अॅल्युमिनियम कुरतडला जातो. पांढरी भुकटी बहुधा याच जागी प्रथम दिसते. पाचवी अडचण मोठी विलक्षण आहे. रंगाच्या खाली, ओरखड्यापासून निघून, केसासारख्या बारीक नागमोडी रेषा पसरत जातात, जणू वाळवीच रंगाखालून चालली आहे. १९४४ साली शास्त्रज्ञांनी पोलादावर या तंतुरूप क्षरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे विमानांवर आणि अॅल्युमिनियमच्या चाकांवरही ते आढळले.

सहावी अडचण माणसाच्या सवयीची, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी. पोलादी भागावरचा जुना रंग उतरवण्यासाठी तो कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवण्याची पद्धत आहे. पोलादाला त्याने इजा होत नाही. त्याच टाकीत अॅल्युमिनियमचा भाग पडला तर तो फसफसू लागतो, त्यातून हायड्रोजन निघतो आणि धातूच विरघळू लागतो. लोखंडी छर्‍यांनी झोडून साफ करण्याची पद्धतही अशीच. छर्‍यांचे लोखंडी कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पुढे प्रत्येक कण क्षरणाचे बीज होतो. म्हणून येथे काचेचे मणी किंवा कुरुंदाचीच भुकटी वापरावी लागते. या धातूला त्याच्याच भस्माने घासलेले मानवते.

या अडचणींवर जे उपाय निघाले त्यांचे सूत्र एकच होते. कातडी काढून टाकण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण ती लगेच पुन्हा येते. तेव्हा तिला हवे तसे घडवावे. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्ट्यूअर्ट यांनी, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिन वाचवण्यासाठी, धातूला क्रोमिक आम्लात बुडवून विजेच्या साहाय्याने ही कातडी जाड करण्याची रीत काढली. चार वर्षांनी तेच काम गंधकाम्लात होऊ लागले. याला अॅनोडायझिंग म्हणतात. या रीतीने कातडी हजारो पटींनी जाड होते. तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सूक्ष्म छिद्रे असतात; त्या छिद्रांत रंग भरावा आणि गरम पाण्यात ती मिटवून टाकावीत, म्हणजे रंग धातूच्या अंगातच राहतो. तथापि सिलिकॉन अधिक असलेल्या ओतीव भागांवर ही कातडी करडी आणि डागाळलेली येते. एंजिनाच्या कवचांना ही विद्या म्हणूनच फारशी मानवली नाही.

दुसरा उपाय रासायनिक. जर्मनीत बाउअर आणि फोगेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात क्रोमेटच्या द्रावणाने कातडीचे रूपांतर करण्याचा मार्ग दाखवला होता. त्यातून पुढे सोनेरी-पिवळ्या झाकेची क्रोमेटची क्रिया विकसित झाली. १९३० च्या दशकात विमानांच्या अॅल्युमिनियमवर शेंदराच्या जागी झिंक क्रोमेटचा पिवळट-हिरवा पहिला हात आला. दुसऱ्या महायुद्धात फॉस्फरिक आम्ल, झिंक क्रोमेट आणि एक चिवट राळ एकत्र करून पातळ ‘वॉश प्रायमर’ तयार झाला. तो एकाच वेळी धातूला किंचित खातो आणि त्यावर चिकटतो. नवसागराने तांबे साफ करणाऱ्या कल्हईवाल्याचेच तत्त्व येथे डब्यात भरलेले होते. भारतातही या विद्येची गरज त्याच सुमारास निर्माण झाली. १९४० साली सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला, आणि युद्धकाळात तेथे विमानांच्या दुरुस्तीचे मोठे काम झाले.

तिसरा उपाय १९५० च्या दशकात जर्मनीत सुरू झाला: द्रावणाऐवजी रंगाची कोरडी भुकटी धातूवर बसवून ती तापवून वितळवणे. पुढे भुकटीला विद्युत्भार देऊन ती फवारण्याची सोय झाली, आणि पावडर कोटिंग या नावाने ती आज गावोगावी पोहोचली आहे. हा थर जाड आणि चिवट असतो. परंतु त्याला १८० ते २०० अंशांची भट्टी लागते. त्या उष्णतेत ओतकामातील कोंडलेला वायू बाहेर पडतो, आणि काही मिश्रधातूंचे बळही अधिक वेळ तापवल्याने घटते. चाकासारख्या भागाच्या बाबतीत हा केवळ देखणेपणाचा प्रश्न उरत नाही. त्यावर स्वाराचा जीव अवलंबून असतो. शिवाय भुकटीचा थर जाड असल्यामुळे खालच्या अपुऱ्या तयारीला तो काही काळ झाकून ठेवतो. फोड उशिरा येतो, पण येतो.

क्रोमेटच्या यशाला एक काळी बाजू होती, आणि ती या इतिहासातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. या द्रावणांतील क्रोमियम ज्या रूपात असते, त्याला षट्‌संयुजी क्रोमियम म्हणतात. त्याच्या वाफांनी आणि तुषारांनी कामगारांच्या नाकातील पडद्याला भोके पडतात आणि कातडीवर व्रण होतात, हे एकोणिसाव्या शतकातच दिसून आले होते. १९९० साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मनुष्याला कर्करोग करणारे द्रव्य म्हणून निश्चित केले. युरोपीय संघाने २००० सालच्या आदेशाने वाहनांतून शिसे, पारा, कॅडमियम आणि हे क्रोमियम हद्दपार करण्याचे ठरवले. त्यानंतर झिर्कोनियम, टायटेनियम आणि त्रिसंयुजी क्रोमियम यांच्या सौम्य क्रिया पुढे आल्या. शेंदराचीही तीच गत झाली. घरगुती रंगांतील शिशावर भारत सरकारने २०१६ साली नियम केले आणि त्याचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपर्यंत खाली आणले. ज्या दोन द्रव्यांनी शतकभर आपले लोखंड आणि अॅल्युमिनियम राखले, ती दोन्ही राखणाऱ्याच्याच शरीराला खात होती. धातूच्या कातडीची काळजी घेताना माणसाच्या कातडीचा विसर पडला, असेच म्हणावे लागते. मोठ्या कारखान्यांत नियम, पंखे आणि तपासण्या असतात. चार टाक्यांवर चालणाऱ्या लहान मुलामाशाळेत उघड्या हातांनी भाग बुडवणाऱ्या मुलापर्यंत ते पोहोचतात की नाही, याची चौकशी गिऱ्हाईक सहसा करीत नाही.

या शतकात कारखान्यांची व्यवस्थाही बदलली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील जुने आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना, वाहनांचा कारखाना आणि कटनीचा कारखाना अशा वेगवेगळ्या कंपन्यांत वाटले गेले. अॅल्युमिनियमचा स्वभाव बदलला नाही. आजही उत्तम रंगशाळेत भाग रंगवण्यापूर्वी एक साधी परीक्षा घेतात. साफ केलेल्या भागावर शुद्ध पाणी ओततात. पाणी अखंड चादरीसारखे पसरले तर धातू खरोखर निर्मळ आहे. त्याचे थेंब वेगळे झाले तर तेलाचा अंश अजून शिल्लक आहे. या परीक्षेला यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि परीक्षा उतरली नाही तर काम पुन्हा पहिल्यापासून करण्याची तयारी.

आपण रंगाची पारख करतो ती त्याच्या झळाळीवरून आणि मजुरी देतो ती शेवटच्या हाताची. या धातूचा इतिहास सांगतो की रंगाचे आयुष्य पहिल्या हाताच्याही आधी ठरते: धुण्यात, घासण्यात, भाजून तेल काढण्यात, आणि कातडी पुन्हा मळण्याच्या आत पहिला थर देण्यात. हे काम संपल्यावर दिसत नाही. त्याचा पुरावा मिळतो तो तीन-चार पावसाळ्यांनंतर, आणि तोवर ते करणाऱ्याचे नाव कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. गाडीचा एखादा भाग रंगवायला देताना रंग कोणता द्याल, हा प्रश्न आपण नेहमीच विचारतो. त्याआधी धातू कसा साफ कराल, आणि तो साफ करणाऱ्याच्या हातात मोजे असतील काय, हे दोन प्रश्न विचारण्यास हरकत नसावी. पहिल्याने आपला रंग टिकेल. दुसऱ्याने तो देणारा माणूस टिकेल.